शुक्रवारचा सूर्यास्त आणि बास्केटबॉलचे वेळापत्रक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तामीर गुडमन या अमेरिकेतील ज्यू बास्केटबॉलपटूच्या शालेय दिवसांवर आपल्या क्रीडा पुरवणीत मजकूर आला, त्याबद्दल आभार. क्रिकेट आणि कबड्डीच्या गर्दीत आमच्या खेळाला चार रकाने मिळाले हेच पुष्कळ. मात्र 'धर्मासाठी खेळावर पाणी सोडले' हा मथळा वाचून पालक भलताच अर्थ काढतील, म्हणून हे पत्र. गुडमन आठवड्यातले सहा दिवस खेळायचा आणि एक दिवस, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, खेळायचा नाही, एवढीच गोष्ट आहे. सगळा तिढा त्या सातव्या दिवसाच्या वेळापत्रकाचा होता, आणि वेळापत्रक माणसांनीच कागदावर आखलेले असते. ते खोडता येते.

गुडमनचा जन्म १९८२ चा, गाव मेरीलँड राज्यातले बाल्टिमोर. शाळा तिथलीच, टाल्म्युडिकल ॲकॅडमी. ज्यू मुलांच्या अशा धार्मिक शाळांत दिवसाचे दोन भाग असतात: एका भागात तोरा आणि तालमूद हे धर्मग्रंथ, दुसऱ्यात गणित, विज्ञान, इंग्रजी. दोन्ही अभ्यास उरकून बास्केटबॉलला उरतो तो संध्याकाळचा तुकडा. असल्या शाळेकडे विद्यापीठांचे प्रशिक्षक सहसा फिरकत नाहीत. तिथे अकरावीत या मुलाने सामन्यामागे सरासरी ३५.४ गुण केले आणि ते फिरकू लागले.

हा आकडा आपल्या मजकुरात नुसताच येऊन गेला. त्याची फोड केल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही. अमेरिकेतील शालेय सामना ८ मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे एकूण ३२ मिनिटांचा. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमाने १० मिनिटांचे चार डाव, म्हणजे ४० मिनिटे. ३२ मिनिटांत ३५ गुण म्हणजे मिनिटाला एकाहून जास्त. उदाहरणादाखल हिशेब मांडू: दोन गुणांच्या १० बास्केट, तीन गुणांच्या ३ आणि एकेका गुणाचे ६ फ्री थ्रो, २० अधिक ९ अधिक ६, झाले ३५. निम्मे नेम लागतात असे धरले, तरी या १३ बास्केटसाठी २६ वेळा चेंडू रिंगकडे टाकावा लागतो. दर सव्वा मिनिटाला एक. तोही समोरच्या संघाचे दोन-दोन गडी अंगावर असताना, कारण पहिल्या डावातच सगळ्यांना कळलेले असते की चेंडू कुणाकडे जाणार.

यातला धोका प्रशिक्षकांनी ओळखावा. छोट्या शाळांच्या स्पर्धेत एकाच मुलाला चेंडू देत राहिले की सरासरी फुगते आणि बाकीचे चौघे प्रेक्षक होतात. गुडमनचे नाव मात्र गुणांइतकेच पासिंगसाठी होते. सहा फूट तीन इंच उंचीचा हा मुलगा गार्ड म्हणून खेळे, म्हणजे चेंडू पुढे नेणे आणि डाव रचणे हे त्याचे काम. आपल्याकडे आठवीतला मुलगा वर्गात सगळ्यांत उंच दिसला की त्याला रिंगखाली उभे करतात आणि ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पुढे नेणे, शिकवायचे विसरतात. पुढे दहावीत बाकीची मुले त्याच्या उंचीला येतात, तेव्हा या बिचाऱ्याच्या हातात काहीच उरलेले नसते. उंच मुलालाही पहिली दोन वर्षे गार्डसारखेच शिकवा. डाव्या हाताने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान वर ठेवून. चेंडूकडे पाहिलेले चालणार नाही.

आता त्या सातव्या दिवसाकडे. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. दिवे लावायचे ते रिवाजाने सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी. त्या साधारण पंचवीस तासांत काम नाही, गाडी नाही, व्यवहार नाही. मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलींना, 'शनवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते नाव.

अडचण कुठे येते पाहा. अमेरिकेत शालेय बास्केटबॉलचा हंगाम हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च. शाळांचे सामने साधारणपणे मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ठेवण्याची तिथली पद्धत. बाल्टिमोरला डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आसपासच मावळतो. जूनमध्ये तोच साडेआठनंतर. हाच खेळ उन्हाळ्यात असता, तर शुक्रवारचा सामना आटोपून मुलगा आरामात घरी पोहोचला असता. हिवाळ्यात मात्र शाळा सुटता सुटताच शब्बाथ लागतो. ज्यू शाळांच्या आपसातल्या स्पर्धेत हा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही संघांची घड्याळे एकच. वेगळ्या घड्याळाची शाळा समोर आली की तो सुरू होतो.

१९९९ च्या सुरुवातीला 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी नियतकालिकाने त्याच्यावर लेख केला आणि बास्केटबॉलचा महान खेळाडू मायकेल जॉर्डनवरून 'ज्यू जॉर्डन' हे नाव त्याला कायमचे चिकटले. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर एवढे ओझे ठेवायची गरज नव्हती, हे आमचे मत. त्याच सुमारास मेरीलँड विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली आणि त्याने तोंडी होकार दिला. हे विद्यापीठ तेव्हा अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात खेळायचे. त्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेची उपांत्य फेरी शनिवारी असे, अंतिम सामना रविवारी. शिवाय हंगामातले सामने शुक्रवार-शनिवारी पडणार ते वेगळेच. बोलणी झाली, ताणली गेली आणि त्याच वर्षी मोडली. आपल्या मजकुरात इथेच पूर्णविराम आहे. पुढे जे झाले ते जास्त कामाचे आहे.

शाळेचे शेवटचे वर्ष तो वॉशिंग्टनच्या वेशीवरच्या टाकोमा ॲकॅडमीत खेळला. ही शाळा ख्रिस्ती. पण सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची, आणि हा पंथसुद्धा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतो. (पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची.) धर्म वेगळा, घड्याळ तेच. वेळापत्रकात काहीही न बदलता प्रश्न सुटला. त्यानंतर बाल्टिमोरजवळच्या टाउसन विद्यापीठाने त्याचे सामने शब्बाथ टाळून बसवायची तयारी दाखवली. २००० सालापासून तो तिथे डोक्यावर किप्पा (ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी) घालून पहिल्या श्रेणीचे महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळला. २००२ मध्ये इस्राएलच्या मक्काबी तेल अवीव या संघाशी त्याचा करार झाला. २००९ मध्ये, दुखापतींनी बेजार होऊन, तो निवृत्त झाला.

दुसरे उदाहरण रायन टुरेलचे. लॉस एंजेलिसच्या व्हॅली तोरा हायस्कूलचा हा मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाकडून खेळला. तिसऱ्या श्रेणीत खेळूनही २०२१-२२ च्या हंगामात सामन्यामागे २७.१ गुण करून तो सगळ्या श्रेणींत पहिला आला, आणि २०२२ मध्ये एनबीए या अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक लीगच्या खालच्या जी लीगमध्ये निवडला गेला. व्यावसायिक लीगचे वेळापत्रक त्याच्यासाठी हलणार नव्हते. त्याने शब्बाथच्या दिवशी खेळायचे, पण मैदानावर गाडीने न जाता चालत जायचे, असा मार्ग काढला. एकाच धर्माच्या दोन मुलांनी दोन वेगळी उत्तरे शोधली. दोघांपैकी खरा कोण, हे ठरवायचा अधिकार पंचांना नाही.

मराठवाड्यातल्या शालेय संघांत शब्बाथ पाळणारे मूल क्वचितच सापडेल, मग हा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारेल. रमजानचे रोजे आहेत. शुक्रवारची दुपारची नमाज आहे. लातूर-धाराशिवकडे येळवस आहे. मार्गशीर्ष अमावस्येला निम्मे लातूर शहर शेतात भज्जी आणि आंबील घेऊन बसलेले असते. त्या दिवशी सामना ठेवला तर मैदानावर फक्त पंच आणि टेबलवरची माणसे येतील. येळवसचे भान आपल्याला आपोआप राहते, कारण ती आपल्या घरातली आहे. दुसऱ्याच्या घरातल्या दिवसाचे भान नियोजनात आणावे लागते.

ते कसे आणायचे? पहिली गोष्ट, भाग्यपत्रिकेला हात लावायचा नाही. कोण कुणाशी खेळणार हे चिठ्ठ्यांनी ठरले की ठरले. तिथे फेरफार केला की हरणारा संघ लेखी तक्रार देतो आणि ती योग्यच असते. बदलायचा तो फक्त त्याच फेरीतल्या सामन्यांचा क्रम. आठ संघांची बाद फेरी म्हणजे सात सामने: चार, दोन, एक. पहिल्या दिवशीचे चार सामने कोणत्या क्रमाने लावायचे हे आयोजकांच्या हातात असते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागते.

दुसरी गोष्ट, वेळेचा खरा हिशेब. कागदावर ४० मिनिटांचा सामना घड्याळ थांबवत खेळवला, मध्यंतराची १५ मिनिटे आणि टाइम-आउट धरले, की दीड ते पावणेदोन तास जातात. आपल्याकडे पत्रिकेत एकेक तासाच्या अंतराने सामने लिहितात. सकाळी ९ चा पहिला सामना साडेदहाला संपतो, आणि दुपारी १२ चा म्हणून लिहिलेला चौथा प्रत्यक्षात दीडनंतर सुरू होतो. शुक्रवारी नेमका तोच एखाद्या उर्दू शाळेचा असला, की नमाज आणि सामना एकमेकांवर आदळतात. नियम असा की सुरू होण्याच्या वेळेनंतर १५ मिनिटांत संघ हजर नसेल तर सामना २०-० ने गेला. पोरे मशिदीत, पंच शिट्टी घेऊन उभा, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: 'यांना खेळायचंच नाही.' अशा संघाचा सामना दिवसातला पहिला ठेवा. पहिला सामना कधी उशिरा ढकलला जात नाही, कारण त्याच्या आधी काही नसतेच.

रोज्याच्या दिवसांतही सकाळचा पहिला सामनाच बरा. सहरीचे पाणी अंगात असते आणि ऊन चढलेले नसते. दुपारी चारची वेळ सगळ्यांत वाईट. दिवे असलेले मैदान असेल तर इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी सामना ठेवता येतो. भरल्या पोटी लगेच उतरवले तर मुले पहिल्याच डावात ओकतात. डिसेंबरात लातूरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून सूर्यास्ताशी बांधलेली कोणतीही गोष्ट असेल तर तीननंतर सामना सुरू करू नये.

डोक्यावरच्या वस्त्राचा विषय नांदेडकरांना जास्त जवळचा. फिबा या जागतिक संघटनेचा जुना नियम डोक्यावर काहीही नको असा होता. २०१४ मध्ये चीनमधील वुहानला आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवून खेळावे लागले. त्याच वर्षी इंचॉनच्या एशियाडमध्ये हिजाब काढायला सांगितल्यावर कतारच्या मुलींनी सामना सोडला. मे २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला आणि तो त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाला. आता अट एवढीच: संघातल्या सगळ्यांच्या वस्त्राचा रंग एकच असावा, चेहरा झाकला जाऊ नये, गळ्याभोवती किंवा चेहऱ्याभोवती उघडबंद करायचे काही नसावे आणि बाहेर आलेला भाग नसावा. काही शालेय पंच अजून जुन्या नियमावर अडून बसतात. प्रशिक्षकांनी नियमाची छापील प्रत फाइलमध्ये ठेवावी. मैदानावर हुज्जत घालण्यापेक्षा कागद पुढे करणे सोपे.

व्यवहारात बिघडते ते पिनांमुळे. किप्पा साधारणपणे केसांच्या चिमट्याने बसवतात. जोरात धावताना, घाम आल्यावर तो सरकतो आणि चिमटा ज्याच्या हाताला लागतो त्याला रक्त येते. हिजाबाची टाचणी तशीच. शीख मुलांसाठी पगडीऐवजी घट्ट बांधलेला सुती पटका, मुलींसाठी पिन नसलेला, डोक्यावरून ओढून घालायचा लवचीक कापडाचा हिजाब, हे दोन्ही बाजारात मिळतात. गाठ मागे आणि खाली असू द्या, कपाळावर नको. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडताना, कोपर आणि कपाळ यांची गाठ पडतेच.

गुडमनच्या सहा दिवसांकडे आपल्या प्रशिक्षकांनी आणखी एका कारणाने पाहावे. आपल्याकडे सोमवार ते शनिवार शाळेनंतर सराव आणि रविवारी 'जादा सराव' तीन तास, अशी चाल आहे. बारा ते पंधरा वयाच्या मुलांची हाडे भराभर वाढत असतात. सिमेंटच्या कोर्टवर, झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांत रोज उड्या मारल्या की मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली जिथे नडगीला जोडलेला असतो, ती जागा ओढली जाते. वाटीच्या दोन बोटे खाली टेंगूळ येते, दाबले की दुखते, जिना उतरताना आणि गुडघे टेकून बसताना जास्त दुखते. डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लाटर म्हणतात. तेल लावून रगडल्याने ते बरे होत नाही, उलट चिघळते. उड्या कमी कराव्या लागतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस खेळातून पूर्ण सुटी द्यायला सांगते. म्हणजे शब्बाथ पाळणाऱ्या मुलाचा एक दिवस वाया जातो, हा हिशेबच चुकीचा. रविवार पूर्ण मोकळा ठेवा, आणि सोमवारचा सराव नेम आणि पासिंगपुरता हलका ठेवा. सुटीनंतरच्या दिवशी धावपळीचा सराव लावला तर मुले आखडलेल्या अंगाने उतरतात आणि घोटा मुरगळतो.

वेळ कमी असेल तर सामान तरी नीट हवे. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर असते हे सगळ्यांना पाठ असते, मोजतो कोण? टेप लावून पुढच्या कडेला, मग डावीकडे-उजवीकडे, अशी तीन ठिकाणी मोजा. पोरे लोंबकळून लोंबकळून पुढची कड तीन-चार सेंटिमीटर खाली आलेली असते. अशा रिंगवर सपाट फेकलेला चेंडूही आत जातो; मूल सपाट फेकायलाच शिकते आणि विभागीय स्पर्धेत सरळ रिंगवर त्याचे सगळे नेम पुढच्या कडेला आपटतात. मग प्रशिक्षक म्हणतो, पोरगं घाबरलं. पोरगं घाबरलेले नसते, शाळेची रिंग वाकलेली असते. बोर्डमागचे नट आधी पाहा, बहुधा वरचे दोन ढिले असतात. ते आवळले तरी कड वर येत नसेल तर वेल्डरला बोलवा. खांब मैदानाच्या शेवटच्या रेषेपासून २ मीटर मागे हवा. तो रेषेवरच गाडलेला असेल तर निदान त्याला छातीच्या उंचीपर्यंत जुन्या गादीचा कापूस गुंडाळून वर रेक्झिन शिवा.

आणि जाळी लावा. गुडमनने निवृत्तीनंतर चेंडूवरचा घाम टिपून घेणारी जाळी बाजारात आणली. आपल्याकडे कितीतरी शाळांत नुसती रिंग असते, हा फरक बोलका आहे. जाळी शोभेची नसते. ती चेंडूचा वेग मोडते आणि चेंडू रिंगखालीच टपकतो. जाळी नसली की तो मागच्या बाभळीत जातो आणि अर्ध्या तासाच्या सरावातली दहा मिनिटे चेंडू आणण्यात जातात. बारा फासांची नायलॉनची साधी जाळी पुरते. चौथी-पाचवीच्या मुलांना मोठा सात नंबरचा चेंडू आणि पूर्ण उंचीची रिंग देऊ नका. पाच नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरची रिंग, हे मिनी बास्केटबॉलचे माप आहे. मोठा चेंडू त्या उंचीवर पोहोचवायला मूल तो खांद्यावरून गोळाफेकीसारखा ढकलते, आणि ती सवय पुढे सहा वर्षे जात नाही.

शेवटी जिल्हा क्रीडा कार्यालयांना एक सूचना. शालेय स्पर्धेच्या प्रवेशिकेत एक रकाना वाढवावा: 'कोणत्या वेळेत संघ खेळू शकत नाही, कारणासह.' एका संघाला एकच नोंद, तीही भाग्यपत्रिका निघण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत, मुख्याध्यापकांच्या सहीने. नंतर आलेली ग्राह्य धरू नये. या रकान्याला खर्च नाही, नवे परिपत्रकही लागणार नाही. आणि लातूर-धाराशिवच्या आयोजकांनी मैदान ठरवण्याआधी पंचांगात मार्गशीर्ष अमावस्या कोणत्या वारी येते ते पाहून घ्यावे. इंग्रजी कॅलेंडरमध्ये ती कधी डिसेंबरात पडते, कधी जानेवारीत.

आपले,
शालेय बास्केटबॉलचे काही प्रशिक्षक व पंच,
लातूर आणि नांदेड